दांड्यातली पाण्याची वाट : कापलेल्या फुलांच्या अभ्यासाला प्रस्तावना

फूल तोडले की ते मेले, असे आपण सहज बोलून जातो. वनस्पतिशास्त्राला हे मान्य नाही. तोडलेल्या फुलाचे श्वसन चालूच असते. पाकळ्यांतल्या पेशी साखर जाळत असतात, मुकी कळी उमलत असते, पाकळ्यांतून पाण्याची वाफ हवेत जात असते. मुळे तेवढी गेलेली असतात, पानांकडून येणारी शिदोरी आटलेली असते आणि दांड्याचे एक टोक उघडे पडलेले असते. या उरलेल्या आयुष्याचे, मग ते एका संध्याकाळचे असो की तीन आठवड्यांचे, काय करायचे हा या अभ्यासक्षेत्राचा विषय आहे. त्याची अंगे तीन : निगा, रंग आणि मांडणी.

ही तीन अंगे आज तीन वेगवेगळ्या ठिकाणी शिकायला मिळतात. निगा उद्यानविद्येच्या काढणीपश्चात तंत्रज्ञानात येते, रंग रसायनशास्त्राच्या वाट्याला जातो आणि मांडणी कलावर्गांत किंवा हौशी मंडळांच्या कार्यशाळांत शिकवली जाते. नव्याने येणाऱ्याला मग वाटते की यातले एकच आपले, बाकीची दोन दुसऱ्या कोणाची. या प्रस्तावनेचे म्हणणे असे की तिन्हींचा कणा एकच आहे : दांड्यातून वर चढणारे पाणी. फूल किती टिकेल ते हे पाणी ठरवते. बाहेरून दिलेला रंग याच पाण्याबरोबर पाकळीत पोचतो. मांडणी करणारा दांडा कुठे कापतो आणि कशात रोवतो, यावर ती वाट चालू राहणार की बुजणार हे ठरते. हा धागा हाती धरला, तर शास्त्राची पाने कलावंताला परकी वाटणार नाहीत आणि कलेची पाने शास्त्राच्या विद्यार्थ्याला.

मराठी वाचकाला फुलांची ओळख करून द्यायला नको. मात्र आपली ओळख मुख्यतः सुट्या फुलांशी आहे. दादरच्या किंवा पुण्यात गुलटेकडीच्या फूलबाजारात पहाटे गेले, तर झेंडू, शेवंती, मोगरा, गुलछडी यांचे ढीग किलोवर विकले जाताना दिसतात. त्यांचे हार, गजरे, वेण्या, तोरणे होतात. वेंगुर्ल्याकडे सुरंगीचे वळेसर मिळतात, गोव्यात अबोलीची फाती माळतात. जुन्या ग्रंथांतही हाच कल दिसतो. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत माळा गुंफण्याचे प्रकार आहेत, फुले अंथरणे आहे, मस्तकावर बांधायची पुष्पभूषणे आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’मध्ये राजाच्या उपभोगांच्या यादीत माळांनाही जागा आहे. सांची आणि भारहुतच्या शिल्पांतल्या पूर्णघटांतून कमळे वर आलेली दिसतात हे खरे. पण रोजच्या घरात लांब दांड्याचे फूल पाण्यात उभे करून ठेवणे ही आपल्याकडची त्या मानाने अलीकडची रीत आहे.

सुट्या फुलाची आपली निगा मोठ्या जाणतेपणाने घडलेली आहे. गजरा केळीच्या सोपाच्या ओल्या दोऱ्याने बांधायचा, पुडा पानात गुंडाळायचा, टोपलीवर ओले फडके टाकायचे. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे तोडायच्या, म्हणजे त्या संध्याकाळी केसांत उमलतात. यातल्या पाना-फडक्याचा हेतू एकच : फुलाभोवतीची हवा दमट ठेवून वाफ रोखणे. फुलाला पाणी मिळण्याची वाटच उरलेली नाही, तेव्हा खर्च आवळायचा. दांड्याच्या फुलाला मात्र जमेची बाजूही असते. त्याला खालून पाणी घेता येते. आपण घरी आणलेल्या डच गुलाबावर सवयीने पाण्याचे हबके मारतो आणि फुलदाणीतले पाणी चार दिवस बदलत नाही. अशा वेळी सुट्या फुलाची रीत आपण दांड्याच्या फुलाला लावत असतो. पाकळ्यांवर साचलेल्या ओलीने करड्या बुरशीचे तपकिरी डाग उमटतात आणि दांडा तहानलेलाच राहतो. जमा आणि खर्च या एकाच ताळेबंदाच्या दोन बाजू आहेत, एवढे पक्के झाले की या क्षेत्राचा उंबरठा ओलांडला म्हणायला हरकत नाही.

हा ताळेबंद प्रथम तराजूवर मांडला तो स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने. १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या ग्रंथात त्याने कुंडीतल्या सूर्यफुलासारख्या वनस्पती वेळोवेळी वजन करून त्या किती पाणी हवेत सोडतात ते मोजले. पाणी वर कसे चढते याचा आज मान्य असलेला उलगडा मात्र १८९४ साली डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी मांडला. पानांतून वाफ जाते, तिच्या ओढीने खालचे पाणी वर खेचले जाते, आणि पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे जलवाहिन्यांतला पाण्याचा स्तंभ ताणलेल्या दोरीसारखा असतो. ही दोरी कापली की टोक आत ओढले जाते आणि त्याच्या मागोमाग हवा शिरते. एका वाहिनीतून दुसरीत जाताना वाटेत इतकी सूक्ष्म छिद्रे असलेले पडदे असतात की त्यांतून पाणी जाते, हवा अडते. त्यामुळे हवेने भरतात त्या फक्त कापल्या गेलेल्या वाहिन्या. पण तेवढ्यानेही फुलाचा पाणीपुरवठा निम्म्यावर येऊ शकतो.

दांड्याचे टोक पुन्हा छाटायला सांगतात ते यासाठी. दोन-तीन सेंटिमीटर कापले की हवा भरलेला आणि घाण साचलेला भाग बराचसा निघून जातो. छाट पाण्याखाली घेतली तर आत हवेऐवजी पाणी ओढले जाते. तिरका काप घेतला म्हणजे फूल जास्त पाणी पिते अशी समजूत आहे. तिरक्या कापाचा खरा उपयोग एवढाच, की दांडा फुलदाणीच्या बुडाशी सपाट टेकून तोंड बंद होत नाही. कापण्याच्या कोनापेक्षा कात्रीची धार महत्त्वाची. बोथट कात्रीने चेंगरलेल्या वाहिन्या कोणत्याही कोनात चेंगरलेल्याच.

हवेनंतरचा दुसरा अडथळा जिवंत आहे. कापलेल्या टोकातून साखर आणि पेशीरस पाण्यात झिरपतो, त्यावर जिवाणू वाढतात आणि त्यांचा चिकट थर वाहिन्यांची तोंडे बुजवतो. पाणी गढूळ दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. एका मिलिलिटर पाण्यात जिवाणूंची संख्या दहा लाखांवरून कोटीकडे सरकू लागली की गुलाब आणि जरबेरा मान टाकू लागतात. गुलाबाची मान लवते ती फुलाखालच्या भागात, कारण तिथला दांडा अजून कोवळा असतो. तो पाण्याच्या दाबावरच ताठ उभा असतो. कोमेजणे म्हणजे म्हातारपण असे आपण धरून चालतो, पण मान टाकलेला गुलाब पुष्कळदा तरुणच असतो, फक्त तहानेला असतो. या सगळ्या प्रश्नांचा एकत्र विचार पाहायचा असेल, तर वाउटर व्हान डॉर्न या डच संशोधकाने १९९७ साली लिहिलेला कापलेल्या फुलांच्या जलसंबंधांचा प्रदीर्घ आढावा अवश्य वाचावा.

फुलदाणीच्या पाण्यात काय घालावे, या प्रश्नाचे उत्तर या दोन अडथळ्यांतूनच निघते. साखर फुलाची शिदोरी भरून काढते, आम्ल पाण्याची चढण सोपी करते आणि जंतुनाशक वाट मोकळी ठेवते. दुकानातल्या पुडीत हेच तीन घटक असतात. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे साखर आणि दोन चमचे लिंबाचा गाळलेला रस विरघळवून, शेवटी पाव चमचा साधे ब्लीच घालावे. लिंबूरस आणि ब्लीच पाण्याबाहेर एकमेकांत कधीही मिसळू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. नुसती साखर घालणे न घालण्यापेक्षा वाईट, कारण ती फुलाआधी जिवाणू खातात. तांब्याचे नाणे टाकण्याचा सल्ला अजून फिरतो, पण तांबे पाण्यात इतके सावकाश विरघळते की उपयोग होत नाही, आणि आपली आजची एक-दोन रुपयांची नाणी तर पोलादाची आहेत. ॲस्पिरिन हे सौम्य आम्ल आहे. लिंबाहून स्वस्त नाही आणि लिंबाहून खात्रीचे नाही.

पाणी चोख असूनही काही फुले अकाली जातात. त्याचा छडा लागायला विसावे शतक उजाडावे लागले. सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव या विद्यार्थ्याने १९०१ साली दाखवले की प्रयोगशाळेत वाटाण्याचे अंकुर आडवे वाढतात, त्याचे कारण दिव्याच्या गॅसमधला इथिलीन वायू. १९०८ साली अमेरिकेत क्रॉकर आणि नाइट यांनी तोच वायू कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटवून टाकतो हे सिद्ध केले. ग्रीनहाउसवाले या दुखण्याला फुलांची झोप म्हणत. पुढे कळले की हा वायू वनस्पती स्वतःही तयार करतात, आणि पिकणारी फळे तर भरपूर. म्हणून आंब्याच्या दिवसांत अढी आणि कार्नेशनची फुलदाणी एका खोलीत ठेवू नये, आणि फळे भरलेल्या फ्रिजमध्ये फुले ठेवून ती टिकतील अशी अपेक्षाही धरू नये. कार्नेशन आणि ऑर्किड या वायूला फार हळवी असतात. ऑर्किडच्या फुलात परागण झाले की इथिलीनचा लोंढा येतो आणि फूल लगेच मिटते. शेवंती, जरबेरा, ग्लॅडिओलस यांना त्याचे विशेष काही वाटत नाही. १९७८ मध्ये चांदीच्या एका संयुगाने कार्नेशनचे इथिलीनपासून रक्षण करता येते हे दिसून आले आणि व्यापाराचे रूप पालटले. पण चांदी जड धातू, ती सांडपाण्यात जाते. म्हणून १९९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांनी शोधलेल्या वायुरूप पर्यायाचे मोठे स्वागत झाले. तो फुलातल्या इथिलीनच्या जागा आधीच अडवून बसतो.

इथून पुढे नियम संपतात आणि स्वभाव सुरू होतात. ग्लॅडिओलसची काठी आडवी ठेवली की तिचे टोक वर वळते आणि ती कायमची वाकडी होते, म्हणून ती उभीच ठेवायची आणि खालच्या एक-दोन कळ्यांत रंग दिसू लागला की कापायची. कापल्यावर तिला रात्रभर वीस टक्के साखरेच्या पाण्यात उभी केली तर शेंड्याच्या कळ्याही उमलतात. तेवढीच साखर गुलाबाला दिली तर त्याची पाने करपतील. जरबेरा कापत नाहीत, दांडा बुडातून हलका पिळून ओढून काढतात. नंतर बूड छाटतात, कारण तिथे पाण्याची वाट अरुंद असते. त्याला पाणी उथळ द्यायचे, दांड्याची लव पाण्यात कुजते. नार्सिससचा चिकट स्राव शेजारच्या फुलांच्या वाहिन्या बुजवतो, त्याला काही तास वेगळे ठेवून मगच इतरांत मिसळायचे. गुलाब शून्याच्या थोडे वर, दोन-चार अंशांवर सुखात राहतो. अँथुरियम आणि हेलिकोनिया तिथे काळे पडतात, त्यांना बारा-तेरा अंश लागतात. हे स्वभाव पाठ करण्यापेक्षा त्यांमागचे कारण विचारण्याची सवय लावून घ्यावी. कारण कळले की नव्या फुलाशी कसे वागायचे याचा अंदाज येतो.

रंगाचे अंग खरे तर याच वाटेचे चित्र आहे. शाळेत तेरड्याचे रोप लाल पाण्यात उभे करून त्याच्या पारदर्शक खोडातून चढणारा रंग पुष्कळांनी पाहिला असेल. निकोला साराबा या फ्रेंच अभ्यासकाने १७३३ साली फायटोलाक्काच्या फळांचा लाल रस वनस्पतींना पाजून रसाचा मार्ग शोधला होता. १८९२ साली लंडनमध्ये ऑस्कर वाइल्डच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला त्याच्या मित्रांनी कोटाला लावलेली हिरवी कार्नेशन्स ही त्याच प्रयोगाची शौकीन बाजू. आज बाजारात दिसणारी निळी ऑर्किड्स, रंगीत गुलछडी, एकाच गुलाबात सात रंग हे सगळे या युक्तीचे वंशज. सप्तरंगी गुलाबाचा दांडा उभा चिरून त्याचा एकेक भाग वेगळ्या रंगाच्या पाण्यात सोडतात. प्रत्येक वाहिनी आपापल्या ठरलेल्या पाकळ्यांकडे जाते, म्हणून रंग एकमेकांत मिसळत नाहीत.

यासाठी पांढरे फूल, खाण्याचा रंग आणि कोमट पाणी पुरते. मात्र कोणता रंग चढेल आणि कोणता नाही यात रसायनशास्त्र आहे. जलवाहिन्यांच्या भिंतींवर ऋण भार असतो. खाण्याचे रंग पाण्यात विरघळल्यावर स्वतःही ऋण भाराचे होतात, म्हणून ते भिंतीला न चिकटता वर जातात. धन भाराचे रंग वाटेतच भिंतीला धरून बसतात आणि पाकळी कोरी राहते. हळद चढत नाही, कारण तिचा रंग पाण्यात विरघळतच नाही. बिटाचा न गाळलेला रस चढायच्या आधी त्यातला चोथा वाहिन्यांची तोंडे बंद करतो. रंग प्रथम शिरांत उमटतो आणि मग पाकळीच्या कडांवर दाट होतो, कारण वाफ होऊन पाणी जाते आणि रंग मागे उरतो. हे एकदा ध्यानात आले की एक सुंदर प्रयोग सुचतो. रंगीत पाण्यात दोन शेवंत्या ठेवाव्यात, एकीवर प्लॅस्टिकची पिशवी घालावी, दुसरी पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावी. वाऱ्यावरची लवकर रंगते. रंगवायचे तेव्हा वाफ वाढवायची आणि टिकवायचे तेव्हा कमी करायची, हा सगळा कारभार इथे डोळ्यांना दिसतो. पावसाळ्यात मुंबईत रंग सावकाश चढतो, त्याचेही हेच कारण. हवा तितका रंग आला की फूल साध्या पाण्यात हलवावे.

फुलाचा जन्मजात रंगही आपल्याला वाटतो तितका स्थिर नसतो. रॉबर्ट बॉइलने १६६४ सालीच नोंदवले होते की व्हायोलेट फुलांचा निळा अर्क आम्लाने लाल होतो आणि अल्कलीने हिरवा. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळून हा खेळ आपणही पाहतो. असे रंग अँथोसायनिन गटातले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी रिचर्ड विलश्टेटर यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लाल गुलाब आणि निळे कॉर्नफ्लॉवर यांत मूळ रंगद्रव्य एकच, हे त्यांनीच दाखवले. फरक आम्लतेचा असावा हा त्यांचा तर्क मात्र टिकला नाही. कॉर्नफ्लॉवरचा निळा रंग धातूंचे अणू धरून बसलेल्या एका जटिल रचनेतून येतो, असे पुढच्या संशोधनात आढळले. आम्लतेचा परिणाम गुलाबात दिसतो तो वेगळ्या ठिकाणी : म्हातारा होताना लाल गुलाब जांभळट निळा पडतो. साखर संपली की पाकळीतली प्रथिने मोडतात, त्यांतून अमोनिया सुटतो आणि पेशीरसाची आम्लता घटते. म्हणजे पाण्यातली साखर आयुष्य वाढवते तशी लालीही राखते. निगा आणि रंग इथे एकच होतात. खरा निळा गुलाब निसर्गात नाही, कारण त्यासाठी लागणारे डेल्फिनिडिन गुलाब बनवत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुक बदलून घडवलेला गुलाब २००९ साली विक्रीला आणला, तोही फिकट जांभळा आहे. दुकानातला गडद निळा गुलाब बहुधा निळे पाणी प्यायलेला पांढरा गुलाब असतो. त्यात फसवणूक नाही, विकणाऱ्याने तसे सांगितले म्हणजे झाले. मात्र शोभेसाठी रंगवलेल्या किंवा फवारलेल्या फुलाच्या पाकळ्या खाण्याच्या ताटात घालू नयेत.

मांडणीचा सर्वांत जुना सलग इतिहास जपानजवळ आहे. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातल्या इकेनोबो सेनकेई या भिक्षूच्या पुष्परचनेने लोक थक्क झाले, अशी नोंद १४६२ सालच्या एका रोजनिशीत सापडते. तिथून इकेनोबो घराण्याची परंपरा सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उनशिन यांनी उथळ, पसरट भांड्यातली ‘मोरिबाना’ शैली आणली, कारण तेव्हा जपानात येऊ लागलेली पाश्चात्त्य फुले आखूड दांड्याची होती आणि जुन्या उंच रचनेत बसत नव्हती. १९२७ साली सोफू तेशिगाहारा यांनी सोगेत्सु शाखा काढली आणि फांदीबरोबर लोखंड, काच, प्लॅस्टिकही वापरायची मोकळीक दिली. सोगेत्सुतला मूलभूत हिशोब अगदी सोपा आहे. मुख्य रेषा भांड्याच्या रुंदी-उंचीच्या बेरजेच्या दीडपट, दुसरी पहिलीच्या पाऊणपट, तिसरी दुसरीच्या पाऊणपट. तीस सेंटिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर खोल थाळीसाठी चोपन्न, चाळीस आणि तीस सेंटिमीटर. नवख्याला हे अंक बांधून टाकणारे वाटतात. प्रत्यक्षात ते निर्णयांचे ओझे हलके करून नजर फांदीच्या वळणावर आणि रिकाम्या जागेवर नेतात. याच परंपरेत दांडा पाण्याखाली कापणे, काही दांड्यांची टोके जाळणे, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवणे हे मांडणीच्या शिक्षणाचेच भाग मानले आहेत. तिथे निगा आणि कला यांच्यात भिंत कधी उभीच राहिली नाही.

इंग्लंडमध्ये कॉन्स्टन्स स्प्राय यांनी वेगळी दिशा धरली. लंडनच्या एका अत्तराच्या दुकानाच्या खिडक्या १९२९ साली त्यांनी कुंपणावरची रानफुले आणि वेली मांडून सजवल्या आणि रस्त्यावर बघ्यांची गर्दी झाली. केलची पाने, भाज्या, सुकलेल्या शेंगा त्यांनी फुलांच्या पंक्तीला बसवल्या. ब्रिटनच्या राणीच्या १९५३ च्या राज्याभिषेकाच्या पुष्परचनांची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. आपल्या हाराची रचना पुनरावृत्तीची असते, इकेबानाची रेषेची, युरोपीय गुच्छाची राशीची. तिन्ही चांगल्या. ज्याच्या हाताला लहानपणापासून हार गुंफण्याची लय आहे, त्याने ती टाकून न देता तिच्यासोबत रेषा शिकावी. एकादशीला पंढरपूरच्या मंदिरात होणारी फुलांची आरास पाहिली, तर पुनरावृत्तीतून केवढे मोठे अवकाश भरता येते ते कळते.

फुले धरून ठेवायच्या साधनाचा प्रश्न वरवर किरकोळ, पण तोही पाण्याकडेच नेतो. १९५४ साली अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी पाणी शोषणारा हिरवा फोम बाजारात आणला आणि स्टेजच्या सजावटीपासून गाडीवरच्या गुच्छापर्यंत सगळे सोपे झाले. पण त्यात खुपसलेला दांडा थोडा मागे ओढला की टोकाखाली पोकळी राहते आणि फूल पाण्यावाचून सुकते. शिवाय हा फोम प्लॅस्टिकचा. तो कुजत नाही, चुरा होऊन पाण्यात मिसळतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला मनाई केली. जपानी खिळ्यांची बैठक, चुरगाळलेली तारेची जाळी, किंवा फुलदाणीच्या तोंडाशी आडव्या बसवलेल्या चार काटक्या, यांनी बहुतेक कामे होतात, आणि दांडा थेट पाण्यात राहतो.

या क्षेत्रात येणाऱ्या मराठी अभ्यासकाला काम भरपूर आहे, कारण जगातले बरेचसे मोजमाप गुलाब, कार्नेशन, ट्यूलिप अशा फुलांवर झालेले आहे, तेही वीस अंश तापमानाच्या चाचणी-खोलीत. मे महिन्यातल्या आपल्या दिवाणखान्याचे आकडे वेगळे येतात. मावळातल्या पॉलिहाउसमधला गुलाब व्हॅलेंटाइन डेला परदेशी जातो. तळेगावला काढणीपश्चात तंत्रज्ञानाची संस्था आहे, पुण्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे, राहुरीच्या विद्यापीठाच्या गणेशखिंड केंद्राने ‘फुले गणेश’ मालिकेतले ॲस्टर दिले. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन शिकण्याची उत्तम जागा आहे. पण सुरंगी, अबोली, सोनचाफा, बकुळ यांच्याविषयीचे बारकावे अजून हार बांधणाऱ्यांच्या हातात आहेत. कोणती कळी कोणत्या प्रहरी तोडायची, कोणते पान पुड्याला चालते, कोणते फूल कोणाशेजारी लवकर काळवंडते, हे त्यांना ठाऊक असते. ते विचारून, पडताळून लिहून काढणे हेही या क्षेत्रातले संशोधनच.

पुढची प्रकरणे निगा, रंग, मांडणी या क्रमाने येतात, पण वाचक कुठूनही सुरू करू शकतो. एक गोष्ट मात्र पहिले प्रकरण उघडण्याआधी करावी. गुलछडीच्या दहा काठ्या एकाच जुडीतून आणाव्यात आणि त्या कधी कापल्या ते विकणाऱ्याला विचारावे. पाच काठ्या पाण्याखाली छाटून रोज ताज्या पाण्यात ठेवाव्यात, पाच आणल्या तशा. बाकी सारे एकसारखे : भांडे, खोली, उजेड. काठी संपली कधी म्हणायचे हे आधीच ठरवून लिहून ठेवावे. निम्मी फुले तपकिरी झाली की, शेंडा लवला की, किंवा वास गेला की, यातले काहीही चालेल, पण मध्येच बदलायचे नाही. दोन्ही रांगांतला फरक कदाचित मोठा निघेल, कदाचित अगदीच थोडा. जो निघेल तो तुमच्या घरातला, तुमच्या पाण्यातला असेल, आणि पुढच्या पानांतले प्रत्येक विधान तपासायला तुमच्याजवळ स्वतःचा एक आकडा असेल.